मधली लेक

सरपंचपद बाईमाणसासाठी राखीव झालं, ही बातमी रणधीरनं तहसीलवरनं घरी आणली तेव्हा महानंदा अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. त्यानं गाडी उभी केली, चप्पल भिरकावली आणि ओसरीवर मटकन बसला. त्याचे वडील महारुद्रराव दोन वेळा सरपंच राहिलेले. ते गेल्यावर ती खुर्ची आता आपलीच, असं रणधीर धरून चालला होता. सोडतीत चिठ्ठी निघाली आणि त्याचं सगळं गणित चुकलं.

"गेलं," तो म्हणाला. "पाच वर्सं गेली."

सासू धुरपदाबाई जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांना मात्र त्यात काही गेल्यासारखं वाटलं नाही.

"गेलं कशानं? सुनंला उभी कर की. शिकल्याली हाय. खुर्चीवर ती बसंल, कारभार तू बघ."

महानंदा खरंच शिकलेली होती. माहेर उमरग्याकडचं. बारावीला वर्गात दुसरी आली होती आणि नर्सिंगला जायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. वडिलांनी त्याच उन्हाळ्यात सोयरीक जमवली. सास्तूरच्या पुढं, तेरणेच्या अंगाला हे गाव. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं, म्हणून गल्ल्या सरळ आणि घरं एका साच्यातली. लग्नानंतर सुरुवातीला तिला आपलं घर पटकन ओळखू यायचं नाही, दारातल्या कडुनिंबावरनं ओळखायची. त्याच घरात तिची लेकरं झाली: थोरली राजनंदिनी, मधली शिवांजली, आणि दोन पोरींवर झालेला युवराज. पोरींच्या वेळी गावात जिलेबी वाटली. युवराजच्या वेळी पेढे वाटले आणि बँडही लावला.

 सासूचं बोलणं ऐकून शेंगा निवडताना महानंदाचा हात थांबला तो थांबलाच. सरपंच. तो शब्द तिनं मनातल्या मनात स्वतःच्या नावापुढं लावून बघितला, आणि तो वाईट दिसला नाही.

अडचण वकिलानं सांगितली. रणधीर तिला सोबत घेऊनच उमरग्याला गेला होता, सह्या लागतील म्हणून. वकिलानं आधी लेकरं किती ते विचारलं, मग पेन खाली ठेवलं.

"मग बाईंना उभं राहता येत नाही. दोनपेक्षा जास्त मुलं असली की अपात्र. कायदाच आहे आपल्या राज्यात."

रणधीरला ते ऐकून माहीत होतं, पण ते दुसऱ्यांसाठी असतं असं त्याला वाटायचं. त्यानं विचारलं, "एक पोरगी भणीला दत्तक दिली तर?"

"काही उपयोग नाही. कायदा जन्म मोजतो, घर मोजत नाही." वकील खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "मूल तुमच्या पोटचं नव्हतंच, असं असेल तर गोष्ट वेगळी."

 परत येताना गाडीवर महानंदाला वाटलं, आता हा नाद सुटेल.

तो सुटला नाही. त्याच दिवशी जेवताना धुरपदाबाईंनी विषय काढला, जणू बाजारला कुठलं वासरू न्यायचं ते ठरवायचं आहे. तिन्ही लेकरं तिथंच जेवत होती.

"युवराजला तर कुणी हात लावायचा न्हाय. नंदिनी हाताखाली आली, भाकरी थापती, घर झाडती. ऱ्हायली ही मधली. शेवंताला लेकरू न्हाय. तिकडं बी पोरीचं सोनं हुईल."

शेवंता रणधीरची थोरली बहीण, कर्नाटकात आळंद तालुक्यात दिलेली. तिला मूल झालं नव्हतं. सगळे उपास, सगळे दवाखाने करून झाले होते.

"आन् मी न्हाय म्हणले तर?" महानंदानं विचारलं.

रणधीरनं मान वर केली नाही. "तर काय न्हाय. तुझ्या जाग्यावर दुसरी कुणी आणावी लागंल उभी करायला. कायदा तिची लेकरं मोजंल."

तो हसला. धुरपदाबाईही हसल्या. शिवांजलीला काही कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली. पाच वर्षांची होती.

पोरीला सांगितलं की आत्याकडं सुट्टीला जायचंय. आत्याच्या म्हशीला रेडकू झालंय, हे ऐकून ती दोन दिवस आधीच फ्रॉक घालून बसली. गाडीवर बापाच्या पुढं टाकीवर बसून ती गेली. वळणावर तिनं हात हलवला की नाही, ते महानंदाला दिसलं नाही, कारण ती दाराच्या आत उभी होती. बाहेर आली असती तर शेजारणींनी विचारलं असतं. ग्रामपंचायतीतली जन्माची नोंद, अंगणवाडीतलं नाव, रेशनकार्ड हे सगळं रणधीरनं कसं आणि कुणाकडनं फिरवून घेतलं, ते त्यानं तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

वर्षभरानं निवडणूक झाली. समोर कल्याणप्पांची सून होती. कल्याणप्पा म्हणजे गावातला दुसरा गट. खतांचं दुकान, माणसं बांधून ठेवलेली. महानंदा थोड्या मतांनी निवडून आली. गुलाल उधळला, रणधीरला खांद्यावर घेऊन माणसं नाचली. हार रणधीरच्या गळ्यात होते. कुणीतरी आठवण केल्यावर त्यातला एक काढून तिच्या गळ्यात घातला.

त्याच आठवड्यात वेळ अमावस्या आली. आपल्याकडं त्या दिवशी गाव रिकामं असतं; सगळे शेतात, कडब्याच्या कोपीपाशी, भज्जी, उंडे आणि आंबिलाचे गडवे घेऊन. नव्या सरपंचाच्या शेतात यंदा पंगतींवर पंगती उठत होत्या. शेवंता आणि तिचा नवरा पोरीला घेऊन आले होते. येण्याआधी पोरीला पढवलं होतं: आत्याला आई म्हणायचं, आईला मामी म्हणायचं, बापाला मामा म्हणायचं. आजीला आजीच. आजीचं काहीच बदललं नव्हतं.

पण पोर जीपमधनं उतरली, तिला हरभऱ्याच्या वाफ्याकडं चाललेली महानंदा दिसली, आणि ती सगळं विसरली.

"आई! आगं आई!"

ती पळत आली आणि महानंदाच्या पायांना मिठी मारली. पंगतीत कल्याणप्पांचा भाचा जेवत होता. त्यानं घास तोंडाशी थांबवला. रणधीर लांबनं बघत होता. त्यानं नुसत्या डोळ्यांनी खूण केली.

महानंदानं पोरीचे हात सोडवले आणि तिच्या गालावर एक ठेवून दिली. मोठा आवाज आला.

"मामी म्हण! कितींदा सांगायचं, मामी म्हण!"

पोर रडली नाही. आई कधीच मारायची नाही, म्हणून हे काय झालं तेच तिला कळलं नाही. गालावर हात धरून ती बघत राहिली. मग शेवंता आली, तिनं तिला उचललं आणि कोपीच्या मागं घेऊन गेली. जरा वेळानं कोपीमागनं रडण्याचा आवाज आला. महानंदा पंगतीत आंबील वाढत होती.

तिनं नंतर स्वतःला समजावलं की रणधीरची भीती होती म्हणून हात उठला. ते खरंही होतं. पण पुढच्या वर्षात तिला आणखी एक गोष्ट कळली, जी तिनं कुणाला सांगितली नाही. तिला ती खुर्ची आवडायला लागली होती. सुरुवातीला रणधीर कागद घरी आणायचा आणि ती सही करायची. एक दिवस ती स्वतःच कार्यालयात जाऊन बसली. ग्रामसेवक उठून उभा राहिला. पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आला तेव्हा तिनं नकाशावर बोट ठेवून विचारलं की पाइप खालच्या वस्तीपर्यंत का जात नाही. तो "बघतो मॅडम" म्हणाला, आणि त्यानं खरंच बघितलं. वस्तीतल्या बाया तिला वाटेत थांबवून बोलायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काही म्हटलं आणि ते झालं, असं घडत होतं.

अशात कल्याणप्पांनी जिल्ह्याला अर्ज केला: सरपंचाला तीन अपत्यं आहेत, पद रद्द करावं.

सुनावणी धाराशिवला होती. कल्याणप्पांनी गावातले साक्षीदार तयार केले होते, पण जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत एकेकाची जीभ फिरली. कुणाच्या घरकुलाचा हप्ता अडला होता, कुणाच्या बांधाचा वाद रणधीरच्या हातात होता. पोर कुणाची ते आम्हाला नक्की सांगता येत नाही, असं एकानं सांगितलं, मग सगळ्यांनीच तसं सांगितलं. सुनावणी घेणारे साहेब मध्यम वयाचे, थकलेले, पण बारकाईनं ऐकणारे होते. शेवटी त्यांनी महानंदाला विचारलं.

"बाई, तुम्ही शपथेवर आहात. शिवांजली ही मुलगी तुमची आहे का?"

"न्हाय साहेब. माझ्या नणंदेची हाय."

तिला वाटलं होतं, हे बोलताना जीभ अडेल. ती अडली नाही. आवाजही सरळ निघाला, कार्यालयात इंजिनिअरशी बोलताना निघायचा तसा.

कल्याणप्पांच्या वकिलानं मुलीला समोर आणायची मागणी केली. साहेबांनी जरा विचार केला, मग तिला आत बोलावलं. शिवांजली शेवंताचं बोट धरून आली. केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. आता ती सात वर्षांची होती, पण दिसायला लहानच.

"बाळ, घाबरायचं नाही हं," साहेब म्हणाले. "ह्या बाई तुझ्या कोण?"

पोरीनं महानंदाकडं बघितलं. "मामी."

"आणि तुला असं म्हणायला कुणी सांगितलं?" वकिलानं मधेच विचारलं.

"आईनं."

 रणधीर खुर्चीत पुढं सरकला.

"कुठल्या आईनं?" वकील खाली वाकला. "दाखव बरं. आई कुठली?"

पोरीनं पुन्हा महानंदाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचा डावा हात आपसूक वर गेला आणि गालावर बसला. दुसऱ्या हातानं तिनं शेवंताकडं बोट दाखवलं. तिच्या पायाखाली फरशी ओली झाली होती. साहेबांनी ते पाहिलं आणि "बास, घेऊन जा तिला" म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीपाशी रणधीरनं पोरीला क्रीमची बिस्किटं घेऊन दिली आणि "वाघीण हाय माझी" म्हणून पाठ थोपटली. महानंदा तिचा ओला फ्रॉक बदलायला पुढं झाली तशी पोर शेवंताच्या मागं सरकली आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग महानंदा जीपमध्ये जाऊन बसली.

पुराव्याअभावी अर्ज फेटाळला गेला. पुन्हा गुलाल. त्या गडबडीत महानंदाची आई उमरग्याहून आली. भूकंपाच्या पहाटे तिची दोन लेकरं दगडामातीखाली गेली होती. तीन वर्षांची महानंदा तेवढी खाटेखाली सापडली होती. म्हातारीनं घरात पाऊल टाकलं नाही. कडुनिंबाखाली उभी राहूनच बोलली.

"माझी दोन मातीनं नेली. पर ती माझी हुती असं मला आजबी सांगता येतंय. तुझी जिती हाय, आन् तू सायबापुढं जाऊन न्हाय म्हणून आलीस."

"आई, माझा इलाज नव्हता."

"आसंल. मला चुलीपाशी नको नेऊ. मला बस गाठायची हाय."

त्यानंतर ती लेकीच्या दारात आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात महानंदा कुणाला न सांगता एसटीनं आळंदकडं गेली. शेवंताच्या घरापुढं पोरी लंगडी खेळत होत्या, कन्नडमध्ये भांडत होत्या. त्यातली सगळ्यात मोठ्यानं भांडणारी शिवांजली होती. तिनं महानंदाला बघितलं, "मामी आली" म्हणून आत वर्दी दिली आणि पुन्हा खेळायला गेली. कुणी पढवलेलं नव्हतं.

शेवंतानं पाणी दिलं, चहा ठेवला. महानंदानं सांगितलं, सुट्टीपुरती पोर घेऊन जाते.

"न्हाय," शेवंता म्हणाली.

"वन्सं, महिनाभरच."

"महिनाभर न्ह्याल, मंग माझं काय? म्या मागितली नव्हती तुझी पोर. तुमीच आणून घातली माझ्या वटीत. ती तापानं फणफणली तवा म्या बसले उशाला. सपनात तुला हाक मारायची, तवा म्या तिच्या तोंडावर हात ठिवून रडले." ती चुलीकडं तोंड करून बोलत होती. "सायबापुढं तू शपथ घेतलीस. आता सरकारच म्हणतंय ती माझी हाय. तू कोण मागणारी?"

महानंदाला तिच्यावर रागावता आलं नाही. शेवंता वाईट नव्हती, त्यामुळं भांडायलाही जागा उरली नव्हती. चहा न घेताच ती उठली.

गावात परतली ती सरळ कल्याणप्पांच्या दुकानात गेली. अप्पा पोत्यांना टेकून बसले होते.

"अप्पा, पुन्हा अर्ज करा. ह्या वेळी मी खरं सांगते. माझं पद जाऊ द्या."

अप्पांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि मग त्यांना हसू आलं.

"सरपंचबाई, खरं काय ते गावाला ठावं न्हाय व्हय? म्या सवता जिलेबी खाल्लीय की तुमच्या मधलीची. तवा आमाला गरज हुती खऱ्याची. आता पाइपलाइनचं काम आमच्या भाच्याला दिलंय रणधीरनं. आमचं मिटलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "आन् खोटी शपथ घेतल्याचा गुन्हा तुमच्यावरच हुईल. तुमाला आत टाकतील. पोर तरीबी मिळायची न्हाय. घरी जावा."

मे महिन्याच्या ग्रामसभेला मंदिरापुढच्या मंडपात माणसं बरी जमली होती. रणधीर अध्यक्षाच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसला होता. ग्रामसेवकानं मागचं इतिवृत्त वाचलं. महानंदा उठली, सगळ्यांना वाटलं पाण्याच्या टाकीविषयी बोलणार.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "शिवांजली माझी लेक हाय. ह्याच गावात झाली. मी धाराशिवला खोटं बोलले. माझं पद काढून घ्या."

 पुढं बसलेल्या बायांनी माना खाली घातल्या. त्यातल्या दोघी तिच्या बाळंतपणाला उशाशी होत्या. ग्रामसेवकाचं पेन हवेत थांबलं आणि मग त्यानं त्याचं टोपण लावलं. महानंदा एकेका चेहऱ्याकडं बघत होती. कुणीतरी रागवेल, कुणीतरी शिवी देईल, निदान कुणीतरी "व्हय, ठावं हाय" म्हणेल, असं तिला वाटत होतं.

मागनं एका माणसानं हात वर केला.

"ते आसूंद्या. वरच्या गल्लीला आठ दिस झालं पाणी न्हाय, त्याचं काय करताव ते सांगा."

मंडप सैल झाला. चार जण एकदम पाण्यावर बोलायला लागले. रणधीर हसतमुख उठला आणि म्हणाला, "बाईंची तब्येत जरा बरी न्हाय. पाण्याचं म्या सांगतो."

त्यानं तिला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी उमरग्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं झोप, भूक, लेकरं किती, असं एकेक विचारलं. ती उत्तर द्यायच्या आधीच रणधीर म्हणाला, "दोन. पर ही तीन म्हणती, तेच तर दाखवायला आणलंय." डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्यावर दिवसभर जीभ जड राहते.

तेव्हापासनं सरपंचबाईंची तब्येत बरी नसते, असं गाव म्हणतं. पद गेलं नाही. कार्यालयात ती जात नाही. कागद पुन्हा घरी येतात आणि ती सही करते. खालच्या वस्तीला मात्र पाणी आलं. तिथल्या बाया तिचं नाव घेतात.

नंदिनी अकरावीत गेली त्या वर्षी एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "आई, तवा आजीनं माझं नाव घेतलं असतं तर?"

महानंदाला काहीही सांगता आलं असतं. गोळ्यांनी तिची जीभ जड झाली होती, पण डोकं चालत होतं. इतक्या खोट्यानंतर लेकीला तरी खरं सांगावं, असं तिला वाटलं.

"तर तुला दिलं असतं."

नंदिनीनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि हात धुतले. पुढच्या महिन्यात ती उमरग्याला वसतिगृहात राहायला गेली. सुट्टीला येते तेव्हा युवराजसाठी खाऊ आणते. आईशी नीट बोलते, तब्येत विचारते, पाहुण्यांच्या घरी बोलतात तसं. आणि जाताना पाया पडते.